मदत हवी आहे: भावाचे रिपोर्ट समजून घ्यायचे आहेत (सोलापूर)

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ गेल्या महिन्यात पाच दिवसांत गेला. वय ३४. टॉवेलच्या कारखान्यात कामाला, साधा ताप आला तरी सुट्टी न घेणारा.

आधी पायांवर जांभळे ठिपके आले, मग लघवी गडद झाली. प्लेटलेट फक्त ९ हजार (दीड लाखाच्या वर हव्यात). सगळे डेंग्यू म्हणत होते, पण ती टेस्ट निगेटिव्ह. चौथ्या दिवशी तो असंबद्ध बोलू लागला. स्मिअरमध्ये (काचपट्टीवरच्या रक्ततपासणीत) तुटलेल्या लाल पेशी दिसल्या. डॉक्टर म्हणाले, टीटीपी (बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन प्लेटलेट संपत जाणारा आजार) असू शकतं, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलावा लागेल. त्याची सोय होईपर्यंत पहाट झाली आणि सगळं संपलं. टीटीपीची खात्री करणारी एडीएएमटीएस-१३ ही रक्ततपासणी राहूनच गेली. मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं 'मल्टी ऑर्गन फेल्युअर'.

आई रोज विचारते, "नेमकं काय झालं रे त्याला?" शेजारी कारखान्यातल्या रंगांना दोष देतात. मी काय सांगू?

सोलापुरात किंवा पुण्यात हे कागद शांतपणे वाचून समजावतील असे रक्तविकारतज्ज्ञ कुणाच्या माहितीत आहेत का? टीटीपी बहुतेकदा आनुवंशिक नसतो, पण एक दुर्मिळ प्रकार आनुवंशिक असतो असं वाचलं. भावाची मुलं ८ आणि ५ वर्षांची आहेत. त्यांची तपासणी करावी का?

आणखी एक. हॉस्पिटलकडे उपचारांची पूर्ण फाइल मागून वीस दिवस झाले, अजून मिळाली नाही. नियमाने ७२ तासांत द्यायला हवी. कुणी असा पाठपुरावा केलाय का? लेखी अर्जाची पोच माझ्याकडे आहे.