शाल-श्रीफळाला पर्याय

कुणीतरी सुचवलंय की शाळेत फुकट वेळ देणाऱ्या पालकांना वर्षअखेरीला शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह द्यावं. नको हो! आमच्याकडे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात सत्कारांचा इतका सुकाळ आहे की प्रत्येक घरात कपाटावर चार स्मृतिचिन्हं धूळ खात असतात. शाली तर पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर जातात.

आमच्या गावच्या मराठी शाळेत एक निवृत्त पोस्टमनकाका दर शनिवारी कच्च्या मुलांना वाचायला बसवतात. गेल्या वर्षी तिसरीच्या पोरांनी त्यांना पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर पत्रं लिहिली आणि खरोखर पेटीत टाकली. एकाने लिहिलं होतं, "काका, मला आता जोडाक्षर येतंय, पण 'क्ष' अजून त्रास देतोय." काकांनी ते कार्ड चष्म्याच्या डबीत ठेवलंय. भेटेल त्याला दाखवतात.

कर्नाटकात 2001 पासून शाळांना एसडीएमसी, म्हणजे शाळा विकास व देखरेख समिती आहे, पण तिच्या सदस्यांचे आभार भाषणात मानून होतात. आभारांतून राहून जातात ते नळ दुरुस्त करणारे, सहलीला सोबत येणारे. त्यांची नावं पालकसभेत वाचताना काम नेमकं सांगा: "पावसात गळणारं छप्पर यांनी शाकारलं." नुसतं "मोलाचं सहकार्य" नको.

आणि आमच्या बेळगावची मिठाई, कुंदा, वाटायचाच असेल तर वाटा, त्याला कोण नाही म्हणतंय! फक्त मधुमेहवाल्यांना आधी विचारा.