राजकीय मीम्स आणि त्यांच्यामागचा इतिहास : आपले अनुभव लिहा

२३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट उठवण्यात आली आणि सकाळी आठच्या सुमारास राजभवनावर देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची व अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्या दिवशी माझ्या ओळखीच्या प्रत्येक ग्रुपवर ‘मी पुन्हा येईन’ या वाक्याची चित्रे दुपारपर्यंत अखंड येत होती. पुढचा क्रम मात्र आज फार थोड्यांना सांगता येतो. २६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी बहुमत चाचणी घेण्याचा आदेश दिला, त्याच दिवशी दोघांनीही राजीनामे दिले आणि २८ तारखेला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांचा शपथविधी झाला. विनोद लक्षात राहिला, त्याच्यामागच्या तारखा आणि कारणे मात्र गळून गेली, ही मला गंभीर गोष्ट वाटते. कारण आज विशीत असलेल्या मुलांपर्यंत राज्याचा अलीकडचा इतिहास मुख्यतः अशा चित्रांतूनच पोहोचतो आहे.

म्हणून हा धागा. एखाद्या मीमने, व्यंगचित्राने किंवा चित्रपटातील तुकड्याने आपल्याला राजकीय इतिहासाच्या कोणत्या पानापर्यंत नेले, किंवा दुसऱ्याला तिथवर नेण्याची संधी आपल्याला कशी मिळाली, ते सविस्तर लिहावे. पक्ष कोणताही असो, घटना, स्थळ आणि साल यांचा उल्लेख शक्य तिथे जरूर करावा.

इतिहासाची अध्यापिका, कनिष्ठ महाविद्यालय, सांगली जिल्हा

जून २०२२ मध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार आधी सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांच्या स्टेटसवर ‘खंजीर’ हा शब्द असलेली चित्रे रोज दिसू लागली. आमच्या जिल्ह्यात हा शब्द १९७८ पासून घरोघरी ऐकू येतो, पण तो कोठून आला हे वर्गातील एकालाही ठाऊक नव्हते. मी एक चित्र फळ्याशेजारी लावले आणि त्या वर्षाची हकिगत सांगायला घेतली. फेब्रुवारी १९७८ च्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही, म्हणून काँग्रेसचे दोन गट एकत्र आले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि नाशिकराव तिरपुडे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री. जुलैमध्ये शरद पवार आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले, ‘वसंतदादांच्या पाठीत खंजीर’ हा शब्दप्रयोग तेव्हाचाच; जनता पक्षाला सोबत घेऊन पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले आणि १८ जुलै १९७८ रोजी ते वयाच्या ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. इंदिरा गांधी केंद्रात परतल्यावर १७ फेब्रुवारी १९८० रोजी ते सरकार बरखास्त झाले.

यावर एका मुलीने विचारलेला प्रश्न मला अतिशय मोलाचा वाटला : “मॅडम, मग त्या वेळी कोणीच अपात्र कसे ठरले नाही?” पक्षांतरबंदी कायदा ५२ व्या घटनादुरुस्तीने १९८५ मध्ये आला, त्यापूर्वी तशी तरतूदच नव्हती, हे सांगताना मला हरियाणातील १९६७ च्या गयालाल यांच्यापर्यंत मागे जावे लागले. पंधरवड्यात तीन वेळा पक्ष बदलणाऱ्या त्या आमदारामुळे ‘आयाराम गयाराम’ ही थट्टा देशभर पसरली आणि अखेर कायद्याच्या चर्चेपर्यंत पोहोचली. सुरुवातीच्या कायद्यात एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला संरक्षण होते. ते २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढले गेले आणि दोन तृतीयांश आमदारांच्या विलीनीकरणालाच संरक्षण उरले, म्हणूनच २०२२ मध्ये सर्वांच्या तोंडी दोन तृतीयांशाचा आकडा होता. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टावरचा (पक्षांतरबंदीवरचा) पाठ्यपुस्तकातील परिच्छेद इतक्या लक्षपूर्वक ऐकलेला वर्ग मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. आता दरवर्षी हा विषय मी चित्रापासूनच सुरू करते.

शेतकरी आणि वाचक, सांगोला तालुका

‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे संभाषण जगभर गेले. आमचे त्या वेळचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर बोलत होते आणि त्यांची बोली आमच्या गावची रोजची बोली आहे. ती बोली इतक्या लोकांनी आपुलकीने उच्चारली, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र मी परगावी गेलो आणि सांगोल्याचे नाव सांगितले की समोरचा माणूस हसून तेच वाक्य म्हणतो आणि तालुक्याचा विषय तिथेच संपतो, हे मला पटत नाही.

सांगोला म्हटले की पन्नास वर्षे महाराष्ट्राला एकच नाव आठवत असे. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये येथून पहिल्यांदा विधानसभेत गेले आणि एकूण अकरा वेळा निवडून आले. मधल्या काळात ते दोनदाच हरले, १९७२ मध्ये आणि १९९५ मध्ये. १९९५ मध्ये त्यांचा पराभव करणारे उमेदवार शहाजीबापूच होते, ही गोष्ट ते चित्र पुढे पाठवणाऱ्या किती जणांना माहीत असेल? २०१९ मध्ये वयोमानामुळे आबासाहेब, म्हणजे गणपतराव, उभे राहिले नाहीत, त्यांचे नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि बापू एक हजाराहूनही कमी मतांनी जिंकले. ३० जुलै २०२१ रोजी आबासाहेब गेले. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले. एवढ्या दीर्घ आणि अटीतटीच्या लढतीची गोष्ट त्या एका वाक्याच्या पाठीमागे उभी आहे. ज्या दुष्काळी तालुक्यात पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या लढे झाले, तिथल्या माणसाला आसामची झाडी पाहून काय वाटले असेल, याचाही विचार मी ऐकणाऱ्यांसमोर मांडतो. आमच्या भावकीच्या ग्रुपवर ते वाक्य आले की मी त्याखाली आबासाहेबांच्या अकरा विजयांची साले टाकतो, आणि मुले आता आपण होऊन पुढचे विचारू लागली आहेत.

निवृत्त पत्रकार, मुंबई

सत्तेची उलथापालथ झाली की मला ‘सिंहासन’मधील तीच दृश्ये पुन्हा पाठवली जातात : मुख्यमंत्र्यांना आलेला निनावी फोन, अर्थमंत्र्यांची जुळवाजुळव आणि हे सर्व पाहत फिरणारा वार्ताहर दिगू टिपणीस. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये हा चित्रपट केला आणि त्याची पटकथा विजय तेंडुलकरांनी लिहिली. साधू स्वतः पत्रकार होते, त्यामुळे मंत्रालयातील कुजबुज कशी पसरते याचे त्यांना नेमके भान होते. दिगूची भूमिका करणाऱ्या निळू फुले यांचा चेहरा आज मीमसाठी वापरला जातो, याचे मला वाईट वाटत नाही. नव्या मुलांना तो चेहरा ओळखीचा झाला, हे चांगलेच आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. पाठवले जाणारे तुकडे नेहमी मंत्र्यांच्या दालनातलेच असतात. कामगार पुढारी डिकास्टा आणि त्याच्या मागे उभे असलेले शहर या तुकड्यांत कधीच दिसत नाही, आणि त्यामुळे राजकारण म्हणजे केवळ खुर्च्यांची अदलाबदल असा समज पक्का होतो. चित्रपटानंतर तीनच वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांवर त्याचा परिणाम झाला. मी त्या काळी गिरणगावात वार्तांकन केले आहे. आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर ‘सिंहासन’चे दृश्य आले की मी डिकास्टाचा प्रसंग शोधून पाठवतो आणि सोबत संपाची दोन-चार वाक्ये लिहितो. लालबागमध्ये वाढलेल्या एका तरुण सहकाऱ्याने त्यानंतर आपल्या आजोबांचे गिरणीतील ओळखपत्र मला आणून दाखवले आणि त्यांची पूर्ण हकिगत लिहून काढली.

ग्रंथपाल, पुणे

आचार्य अत्रे यांच्या नावावर फिरणारा एखादा चुटका घेऊन ‘हा कोणत्या अंकात आहे?’ असे विचारणारे वाचक आमच्याकडे नियमाने येतात. मी त्यांना आधी प्रसंग विचारते. ‘मराठा’ दैनिक १५ नोव्हेंबर १९५६ रोजी सुरू झाले. त्यापूर्वीचा प्रसंग असेल तर ‘मराठा’त शोधण्यात अर्थ नाही. प्रतापगडावर ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि संयुक्त महाराष्ट्र समितीने काळ्या निशाणांचा मोर्चा नेला, तेव्हाचा असेल तर कोणते महिने चाळायचे हे लगेच ठरते. पुष्कळदा चुटका सापडत नाही, पण तो शोधताना वाचक अग्रलेखांत रमतात आणि हुतात्मा चौकाच्या नावामागे १०६ जणांचे बलिदान आहे, हे त्यांना त्या पानांवर प्रत्यक्ष वाचायला मिळते.

बाळासाहेब ठाकरे यांच्या व्यंगचित्रांबाबतही हेच घडते. १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’चे प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले, हे ऐकून तरुण वाचक चकित होतात. पुढे ज्या साप्ताहिकाच्या वातावरणातून १९६६ मध्ये शिवसेना उभी राहिली, त्याच्या आरंभाला काँग्रेसचा मुख्यमंत्री उपस्थित होता, ही गोष्ट तारखेवाचून फिरणाऱ्या व्यंगचित्रातून कधीच कळणार नाही. व्यंगचित्र पुढे पाठवताना कोपऱ्यातील सही आणि तारीख कृपया कापू नये, अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.

शिक्षिका, पालघर

नोव्हेंबर २०१२ मध्ये मी महाविद्यालयात होते आणि आमचा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर एका तरुणीने चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या आणि दोघींना अटक झाली. त्या ओळींत विनोदही नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. आमच्या घरी वडिलांनी सर्वांचे फोन मागून घेतले आणि राजकारणाशी संबंधित प्रत्येक चित्र पुसायला लावले. त्या दोघींवर लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, त्या बातमीचे कात्रण मी वडिलांना वाचून दाखवले. आज माझे विद्यार्थी निर्धास्तपणे मीम पाठवतात. त्या निर्धास्तपणाची सुरुवात आपल्या पालघरच्या दोन मुलींपासून झाली, हे मी त्यांना आवर्जून सांगते, कारण हा आपल्या गावचा इतिहास आहे.

सातारकर, सध्या न्यू जर्सी

१८ ऑक्टोबर २०१९ रोजी साताऱ्यात भर पावसात शरद पवार बोलले, त्याचे छायाचित्र येथील माझ्या मुलीने आधी मीम म्हणूनच पाहिले. ती सभा लोकसभेच्या पोटनिवडणुकीचीही होती, श्रीनिवास पाटील आणि उदयनराजे भोसले यांच्यात लढत होती आणि निकाल श्रीनिवास पाटलांच्या बाजूने लागला, एवढे मी सांगितले. पुढचे तिने आपल्या आजीला फोन करून विचारले, आणि तो फोन बराच वेळ चालला.

वकील, पणजी

वरील अध्यापिकांनी पक्षांतराचा विषय काढला, म्हणून गोव्याची भर घालतो. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रुसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती. १४ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांच्या अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. त्या शपथेची छायाचित्रे तेव्हापासून विनोद म्हणून फिरत आहेत, पण माझ्या कार्यालयातील नव्या वकिलांना मी त्यांच्यासोबत जुलै २०१९ देखील वाचायला लावतो, कारण तेव्हाही काँग्रेसचे दहा आमदार याच वाटेने गेले होते आणि ती शपथ मुळात त्या अनुभवातून आली होती. दोन्ही वेळा दोन तृतीयांशाची अट पूर्ण झाली होती, हेही ध्यानात घ्यावे.

दरवर्षी १६ जानेवारीला दोन पानांचे चित्र असलेल्या शुभेच्छा येतात. १९६७ मध्ये याच तारखेला झालेल्या गोव्याच्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाचे चिन्ह फूल होते आणि संघप्रदेशाचे दोन पाने. ३४,०२१ मतांच्या फरकाने दोन पाने जिंकली. विलीनीकरणाविरुद्धची ती लढाई ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकातून लढली गेली आणि उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यात अग्रभागी होते, हे सांगितल्यावर महाराष्ट्रातील माझे मित्र थक्क होतात. विलीनीकरणाची बाजू ‘गोमंतक’ मांडत होता. त्या बाजूचे प्रचारसाहित्य माझ्या संग्रहात फार थोडे आहे. मुंबईत किंवा सिंधुदुर्गात कोणाच्या घरी तशी कात्रणे असतील, तर ती तारखेसह येथे द्यावीत.