अनुभव धागा : जलदुर्गांच्या किनाऱ्यावर कुटुंबासह सहल कशी आखली?

नमस्कार मंडळी,

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले. त्यांतले चार आपल्या समुद्रातले नि किनाऱ्यावरचे: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. तेव्हापासून माझ्या ओळखीतली बरीच घरं कोकणातल्या जलदुर्गांची सहल ठरवताहेत, आणि हातात येणारी यादी बहुधा एकाच वळणाची असते. अलिबागला सुरुवात, मालवणला शेवट, मध्ये दिसेल तो प्रत्येक किल्ला. सोबत सत्तरीचे आजोबा आणि पहिलीतली नात असली की अशा सहलीत किल्ल्यापेक्षा गाडीची सीटच जास्त पाहून होते.

माझं मत स्पष्ट आहे. एका सहलीत किनाऱ्याचा एकच तुकडा घ्यावा. अलिबाग-मुरुड हा एक, दापोली-हर्णे हा दुसरा, विजयदुर्ग-मालवण हा तिसरा. दोन किल्ले नीट पाहावेत, उरलेला वेळ पाण्याला, जेवणाला आणि दुपारच्या झोपेला द्यावा. दुसरं म्हणजे आधी हॉटेल आणि मग किल्ला असं न करता आधी भरती-ओहोटी पाहावी.

तुम्ही कसं आखलं ते सांगा. कोणता किल्ला, कोणता महिना, सोबत कोण होतं, काय जमलं. "खूप सुंदर आहे, नक्की जा" एवढ्याने कुणाची सहल आखून होत नाही, म्हणून तपशील हवेत.

अलिबागहून

भरतीचा विषय निघालाच आहे तर आमच्या कुलाबा किल्ल्यापासून सुरू करतो. ओहोटीला चालत आणि भरतीला होडीने जायचा हा किल्ला, त्यामुळे इथे येणाऱ्याने आधी भिंतीवरचं कालनिर्णय पाहावं. आमच्याकडचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, मग पक्ष शुक्ल असो की कृष्ण. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसाची आणि रात्रीची भरती साधारण त्याच आकड्यावर येते. त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे ओहोटीचा तळ. पाच-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतात, म्हणून किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला विचारून घ्यायचंच.

आता कुटुंबासाठी यातलं कामाचं. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची तृतीया-चतुर्थी गाठा. सकाळी सव्वाआठ ते नऊच्या सुमारास पाणी तळाला जातं, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे ते लांबवर हटतं. लहान मुलं ओल्या वाळूतून पळत किल्ल्यात जातात, ऊनही कोवळं असतं. अष्टमीच्या आसपास मात्र भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी. ओहोटी दुपारी बाराला येते, शहरातल्या माणसाला ती वेळ सोयीची वाटते, पण पाणी पुरतं ओसरत नाही आणि डोक्यावर ऊन. त्या दिवसांत आजी-आजोबांना घोडागाडीतच बसवा.

तळाच्या वेळेच्या तासभर आधी निघावं आणि पाणी वळलं की परतावं. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्रजी बनावटीच्या तोफा आहेत. किल्ल्याचं बांधकाम १६८० चं, शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळातलं. पुढे आंग्र्यांनी तो आरमाराचं ठाणं केला. परत आल्यावर गावातली कान्होजी आंग्र्यांची समाधी पाहा. पर्यटक ती सोडून नागावच्या वाटेला लागतात, याचं मला वाईट वाटतं.

ठाण्याहून, दोन मुलांची आई

आम्ही जानेवारीत मुरुडला राहिलो, सोबत सासूबाई आणि नणंद. जंजिऱ्याला राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जातात. पहिल्या होडीला जाण्याचा हट्ट धरला आणि तो फळला. रांग नव्हती, तटाची सावली होती.

होडीत मुलांना एक काम दिलं होतं: दरवाजा शोधा. जंजिऱ्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, नुसता काळा तट समोर वाढत जातो. धाकटा शेवटपर्यंत "नाहीच आहे दरवाजा" म्हणत होता आणि मग एकदम बुरुजांच्या मधून तो उघडा पडला. दोन्ही मुलांना इतिहासात रस तिथून आला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये हा किल्ला घेण्यासाठी समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली होती, हे सांगितल्यावर मोठीने पाण्याकडे बघत विचारलं, "एवढ्या पाण्यात?" हा प्रश्न पुस्तक वाचून पडत नाही.

सासूबाईंबद्दल सांगते, कारण असे प्रश्न खूप जणींना असतील. होडी दरवाज्याच्या पायऱ्यांना लागते तेव्हा चांगली हलते. खलाशी दंड धरून उतरवतात, तरी गुडघे दुखत असतील तर तो क्षण अवघड आहे. सासूबाईंनी धक्क्यावरच थांबायचं आधीच ठरवलं होतं. मग त्यांच्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवली: कोर्लई. कोर्लईच्या दीपगृहापर्यंत गाडी जाते. वर पोर्तुगीजांचा किल्ला, दोन्ही बाजूंना पाणी. खालच्या गावात आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात, तिला नौ लिंग म्हणतात. सासूबाई तिथल्या बायकांशी मराठीत गप्पा मारत बसल्या आणि निघायला तयार होईनात.

जंजिऱ्याच्या आत होडीवाले वेळ मोजूनच देतात. कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचा तलाव आणि दरवाज्यावरचं हत्ती पकडलेल्या सिंहाचं शिल्प, एवढंच ठरवून गेलात तर धावपळ होत नाही. पाणी आणि टोप्या न्या. आत सावली फार कमी आहे.

नवी मुंबईहून

गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीत गाडी चढते, तासाभरात पलीकडे. पुढे आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी खाड्या ओलांडून देतात. मुलांना गाडीसकट बोटीत जाण्याचं जे अप्रूप वाटतं, ते किल्ल्याच्या तोडीचं आहे. नकाशातलं अंतर पाहून वेळ धरू नका. सागरी रस्ता वळणांचा आहे आणि फेरी चुकली की पुढचीपर्यंत थांबावं लागतं.

लंडनहून

आमच्या घरात हर्णेची सहल लंडनमध्येच सुरू झाली. शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर झाडीत एक त्रिकोणी मनोरा आहे, त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. सेव्हर्नड्रूग म्हणजे आपला सुवर्णदुर्ग! १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला, त्यात पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. जेम्स वारल्यावर त्याच्या बायकोने १७८४ मध्ये हे स्मारक उभारलं. इथे जन्मलेल्या माझ्या मुलींना तो मनोरा माहीत होता. ज्याच्यावरून त्याला नाव मिळालं तो किल्ला मात्र माहीत नव्हता. त्यामुळे पुढच्या भारतवारीत हर्णे ठरलंच.

डिसेंबरात दापोलीजवळ राहिलो. हर्णे बंदरातून होडी ठरवून गेलो. आम्ही गेलो तेव्हा तिकडे धक्का नव्हता, पाण्यात पाय भिजवूनच उतरावं लागलं, म्हणून चपला सहज सुटणाऱ्या घाला. महादरवाज्याच्या पायरीवर कासव कोरलंय आणि तटावर मारुती. आत झाडोरा बराच आहे, पायवाट सोडू नये. ज्यांना होडी नको त्यांनी किनाऱ्यावरच्या कनकदुर्गाच्या टेकाडावर चढावं, तिथून अख्खा सुवर्णदुर्ग समोर दिसतो. माझे आईबाबा तिथेच बसले आणि आम्हाला हात दाखवत राहिले.

मुलींनी बुरुजावर उभं राहून विचारलं की तुळाजीचं स्मारक कुठे आहे. हा प्रश्न मी अजून बाळगून आहे. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव आवर्जून पाहा.

नाशिकहून

शाकाहारी कुटुंबाचं काय होतं? सासरे कांदा-लसूणही खात नाहीत.

दापोलीहून

काही अडचण नाही, ताई. घरगुती खाणावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवा. वालाचं बिरडं, फणसाची भाजी, सोलकढी, उकडीचे मोदक मिळतात, आणि बिनकांद्याचं सांगितलं तर तसंही करतात. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जाणार असाल तर जेवण त्याच बाजूला धरा.

पुण्याहून, आईसोबत

ज्यांच्या घरात होडीत चढू न शकणारं माणूस आहे त्यांनी विजयदुर्ग निवडावा. तीन बाजूंना पाणी, पण एका बाजूने जमिनीला जोडलेला. गाडी थेट जवळ जाते, एसटीही गावात येते. आईला संधिवात आहे. काठी घेऊन, थांबत थांबत तिने जेवढं जमलं तेवढं पाहिलं आणि तेवढ्यात ती तृप्त होती.

किल्ला मूळचा शिलाहार राजा भोजाचा, नाव घेरिया. शिवाजी महाराजांनी तो १६५३ मध्ये घेतला आणि वाढवला. एकाआड एक तीन तट आहेत. मुख्य दरवाजा तटाच्या वळणाआड लपलेला, त्यामुळे हत्तीला किंवा तोफेला समोरून धडक देता येत नाही. हे तिथे उभं राहून पाहिलं की बांधणाऱ्याची बुद्धी कळते. १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्हच्या मोहिमेत आंग्र्यांचं आरमार इथेच जळालं. खाडीकडच्या बुरुजावर उभं राहून मी आईला ते सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

एक गोष्ट गाइड सांगतील. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने इथून हेलियम शोधला, हे ते "साहेबाचे ओटे" दाखवून सांगतात. ग्रहण खरं आहे, हेलियमच्या शोधात लॉकियरचं नाव आहे तेही खरं. पण लॉकियर त्या वर्षी इंग्लंडात होता आणि त्याचं निरीक्षण ऑक्टोबरमधलं, तिथलंच. मुलांना खरी हकीकत सांगावी, विजयदुर्गाचं त्यामुळे काही कमी होत नाही.

जवळच गिर्येला रामेश्वराचं देऊळ आहे. जांभा कापून केलेल्या उतरत्या वाटेने खाली जायचं. दुपारच्या उन्हात ती वाट गार असते.

मालवणहून

आमच्या गावात येणाऱ्या कुटुंबांसाठी चार शब्द. सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची. कुरटे बेटावर सुमारे ४८ एकरांत तो पसरलाय, त्यामुळे होडी लागली, देऊळ पाहिलं, परत फिरलो असं करू नका. शिवराजेश्वराचं मंदिर राजाराम महाराजांनी बांधलं. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा तटावर जपलाय. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींचं पाणी चारी बाजूंनी समुद्र असूनही गोडं आहे. मुलांना विहीर दाखवा, पण काठावर हात धरून.

किल्ल्यात आजही माणसं राहतात. त्यांच्या अंगणात न विचारता फोटो काढू नका, सरबत घेतलंत तर बाटली परत न्या. पायाभरणीची पूजा झाली तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आहे. तिथे कुणी फिरकत नाही. आधी तो पाहा, मग होडीत बसा, किल्ला वेगळा दिसेल.

राहायला घरगुती सोय बघा. सकाळी घावणे नि चटणी, दुपारी बांगडा किंवा कोंबडी-वडे, एखाद्या दिवशी रसात भिजलेली खापरोळी. तारकर्लीला पाण्यातले खेळ आहेत, पण मुलांना लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसवू नका. कुणी "लागत नाही हो" म्हणालं तरी.

नागपूरहून

आम्हाला विदर्भातून यायचं म्हणजे आधी मुंबई, मग कोकण रेल्वे. मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवली, विजयदुर्गसाठी राजापूर रोड किंवा कणकवली. तिकिटं ६० दिवस आधी उघडतात, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या गाड्यांना पहिल्या सकाळीच बसावं लागतं. आम्ही कणकवलीला उतरून आधी विजयदुर्ग केला, मग देवगड-कुणकेश्वरवरून मालवण. सगळा प्रवास एका दिशेने होतो आणि आजोबांना रोज सामान बांधावं लागत नाही.

महिना विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे मध्ये हापूस मिळतो हे खरं, पण तट तापलेले असतात आणि महिनाअखेरीला पावसाळ्यासाठी होड्या बंद होतात, त्या ऑगस्ट संपेपर्यंत. आमच्या शेजारच्या कुटुंबाने जूनचं बुकिंग केलं होतं. त्यांना फोन करून सांगितलं, त्यांनी ते डिसेंबरवर ढकललं.