स्कॉच-आयरिश पूर्वज स्त्रीचे माहेर कसे शोधावे? जाणकारांचा सल्ला हवा आहे

धागाकर्ती:
नमस्कार. आमची मुलगी पेनसिल्व्हेनियात राहते आणि जावई तिथलेच आहेत. नातीसाठी दोन्ही घराण्यांची माहिती लिहून ठेवत आहे. आमचा कुलवृत्तांत छापलेला असल्यामुळे आमची बाजू हाताशी आहे, पण जावयांची बाजू वॉशिंग्टन काउंटीतील एका थडग्यापाशी अडली आहे. त्यावर पतीचे पूर्ण नाव आणि खाली 'पत्नी मार्गारेट' एवढेच कोरलेले आहे. १८५० च्या जनगणनेत ती मुलाच्या घरी आढळते: वय ८४, जन्म आयर्लंड. ही मंडळी स्कॉच-आयरिश, म्हणजे स्कॉटलंडहून सतराव्या शतकात उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर प्रांतात वसलेली आणि तिथून अमेरिकेत आलेली प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ), असे घरात सांगितले जाते. एका सशुल्क संकेतस्थळावरील वंशवृक्षात तिचे माहेरचे आडनाव मिळाले. त्यावर विसंबून मी अल्स्टरमधल्या अँट्रिम काउंटीतील एका घराण्याच्या शोधात चार महिने घालवले आणि मग कळले की त्या आडनावाला एकाही कागदाचा आधार नाही. कुलवृत्तांतात सुनेचे माहेर नोंदलेले असते, त्यामुळे ही रिकामी जागा मला फार बोचते. जहाजांच्या याद्या कुठे पाहाव्यात आणि आयर्लंडमध्ये कोणाला लिहावे?

प्रतिसाद १:
ताई, जहाजांच्या याद्यांचा नाद तूर्त सोडा. अमेरिकेत बंदरावर उतरणाऱ्या प्रवाशांच्या याद्या सरकारकडे नियमितपणे जमा होऊ लागल्या त्या १८२० पासून. फिलाडेल्फियात १७२७ पासून ज्या याद्या झाल्या त्या जर्मन प्रवाशांच्या, कारण त्यांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. अल्स्टरची माणसे मुळातच ब्रिटिश प्रजा असल्याने त्यांची अशी नोंद झाली नाही. त्यातली कितीतरी माणसे जवसाच्या व्यापारातल्या जहाजांनी आली, कारण अमेरिकेतून अल्स्टरच्या विणकरांसाठी अळशीचे बी नेणारी जहाजे परतताना माणसे आणत.

आयर्लंडला लिहिण्याआधी पेनसिल्व्हेनियातलेच कागद संपवा. १७९० ते १८४० च्या जनगणनांमध्ये फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असते, म्हणून बाई सापडायची ती पुरुषांच्या कागदांत. पतीने जमीन विकली असेल तर खरेदीखतावर तिची सही किंवा फुलीची खूण असेल, कारण पतीच्या जमिनीवरचा पत्नीचा हक्क सुटल्याखेरीज व्यवहार निर्धोक होत नसे आणि न्यायाधीश तिला पतीपासून बाजूला घेऊन संमती विचारत. साक्षीदारांची नावे टिपून घ्या. माहेरचा माणूस बहुधा तिथेच उभा असतो. त्याच तालुक्यातील म्हाताऱ्यांची मृत्युपत्रे वाचा, कारण त्यांत लेकींचा उल्लेख सासरच्या नावाने येतो. आणि पती अमेरिकेच्या क्रांतियुद्धात (स्वातंत्र्ययुद्धात) लढला असेल, तर विधवेच्या निवृत्तिवेतनाची फाइल हा सर्वांत मोठा ठेवा आहे. १८३६ पासून कायदे सैल होत गेले आणि लग्न सिद्ध करण्यासाठी विधवांनी कौटुंबिक बायबलची पाने फाडून अर्जाला जोडली, भावाबहिणींची शपथपत्रे दिली. नामंजूर अर्जही जपलेले आहेत, तेही पाहा.

प्रतिसाद २:
वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत. आयर्लंडची बाजू थोडक्यात सांगतो. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील सार्वजनिक दफ्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतेक भाग त्यात गेला. तुमच्या काळासाठी तसेही १७४० ची प्रोटेस्टंट कुटुंबप्रमुखांची यादी, १७६६ च्या धार्मिक गणनेचे उरलेले भाग आणि १७९६ ची जवस पिकवणाऱ्यांची यादी हेच आधार आहेत. शेवटच्या यादीत चरखे आणि मागही नोंदले आहेत, पण त्यात सापडेल तो मागे राहिलेला भाऊ किंवा चुलता. या सर्व याद्या आडनाव आणि गाव ठाऊक असल्याखेरीज निरुपयोगी आहेत. ते हाती आले की बेलफास्टच्या प्रोनी (उत्तर आयर्लंडच्या सार्वजनिक) दफ्तरखान्याला आणि तिथल्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीला लिहा.

मुलांच्या नावांकडेही पाहा. दुसऱ्या मुलाला आईच्या वडिलांचे आणि पहिल्या मुलीला आईच्या आईचे नाव देण्याची रीत होती. हा पुरावा मानू नये, दिशा मानावी.

धागाकर्ती:
आभारी आहे. जावयांनी काउंटीच्या कार्यालयातून खरेदीखताची प्रत आणली. पतीची सही आहे, तिच्या नावाच्या मधोमध शाईची वाकडी फुली आहे आणि ती पाहून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. दोन साक्षीदारांपैकी एकाचे आडनाव तिच्या दुसऱ्या मुलाच्या मधल्या नावाशी जुळते. आता काय करावे?

प्रतिसाद १:
आता काही दिवस मार्गारेटला बाजूला ठेवून या साक्षीदाराच्या मागे लागा. तो कोणत्या मंडळीत, म्हणजे कोणत्या चर्चचा सभासद होता हे कळले तर फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत त्या चर्चची सेशनची (चर्चच्या वडीलधाऱ्यांच्या सभेची) वही आहे का, ते विचारा. नवीन सभासद आधीच्या मंडळीचे दाखलापत्र घेऊन येत, आणि अशा नोंदीत आयर्लंडमधील गावाचे नाव निघाल्याची उदाहरणे आहेत. तो सेसेडर किंवा कव्हेनंटर या प्रेस्बिटेरियनांतल्याच वेगळ्या पंथांचा असेल तर वह्या वेगळ्या ठिकाणी असतात, म्हणून आधी पंथ ठरवा. ते मधले नाव मात्र एवढ्यात माहेर म्हणून वंशवृक्षात भरू नका. पेन्सिलीने लिहून ठेवा.