मराठी शाळेची रस्सीखेच: दोर कुठला, जोड्या कशा?

प्रेषक: क्रीडा समिती
विषय: क्रीडादिन आणि रस्सीखेच

नमस्कार मंडळी,

जूनच्या शेवटच्या रविवारी आपल्या लंडनच्या मराठी शाळेचा क्रीडादिन आहे. कौन्सिलने पार्कातलं मधलं मैदान सकाळी १० ते दुपारी ३ पर्यंत दिलंय. लिंबू-चमचा, तीन पायांची शर्यत आणि लंगडी ठरलेली आहेच. यंदा रस्सीखेचही घ्यावी असं समितीत ठरलं.

पटावर ६२ मुलं आहेत, वय ६ ते १४. विचार असा आहे की सगळ्यांचे दोन गट करायचे, ३१ विरुद्ध ३१, म्हणजे कुणी बाहेर राहणार नाही. शेवटी मुलं विरुद्ध पालक. माझ्या गॅरेजमध्ये बोटीवर वापरतात तसली नायलॉनची लांब दोरी पडून आहे, तीच आणतो, म्हणजे खर्चही वाचेल. सूचना असतील तर गुरुवारपर्यंत कळवा.

०००

प्रेषक: एक जुना पी.टी. शिक्षक
विषय: उत्तर: क्रीडादिन आणि रस्सीखेच

समितीस नमस्कार,

रस्सीखेच घेताय याचा फार आनंद झाला. पण माझी सूचना गुरुवारपर्यंत थांबण्यासारखी नाही. ती नायलॉनची दोरी कृपा करून आणू नका, आणि ३१ विरुद्ध ३१ तर मुळीच नको.

नायलॉन ताणलं की लांबतं. बोटीला तो गुण चांगला, कारण लाटेचा हिसका त्यात जिरतो. रस्सीखेचीत मात्र तोच गुण घात करतो. ओढणाऱ्यांचा सगळा जोर दोरीत साठत जातो आणि ती तुटली तर चाबकासारखी उलटी येते. १९७८ च्या जूनमध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गच्या भागात एका शाळेने विक्रम करायचा म्हणून दोन हजारांहून जास्त मुलांना एका नायलॉनच्या दोराला लावलं होतं. दोर तुटला आणि काही मुलांची बोटं गेली. १९९७ मध्ये तैपेईला १६०० माणसं एका दोराला होती. दोर सुमारे २६ टन ताण सोसेल असा होता आणि त्यावर ८० टनांच्या वर ताण पडला. दोन माणसांचे हात खांद्याजवळून तुटले. डॉक्टरांनी ते पुन्हा जोडले, एवढंच त्यात नशीब.

हे घाबरवायला लिहीत नाही. माणसं वाढली की मजा वाढते असं आपल्याला वाटतं, पण तिथे ताणच वाढत असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून या खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत एका बाजूला फक्त ८ गडी असतात. आपली ६२ मुलं म्हणजे ८-८ चे सहा संघ आणि ७-७ चे दोन. सगळे खेळतील, आणि प्रत्येकाला दोनतीनदा ओढायला मिळेल. एक ओढ फार तर मिनिटभर चालते.

आता एक गोष्ट लिहितो, ती मी मंडळात कुणाला सांगितलेली नाही. सातारा जिल्ह्यात मी २६ वर्षं पी.टी. शिकवली. नोकरीचं तिसरं वर्ष. गॅदरिंगच्या आधी सातवी अ विरुद्ध सातवी ब. विहिरीवरचा जुना सोल, म्हणजे जाड दोर, आणला होता. पुढून दुसऱ्या मुलाच्या तळहाताला घाम आला होता, दोर निसटत होता, म्हणून त्याने दोराचा एक वेढा हाताला घेतला. समोरच्यांनी हिसका दिला. सगळं मैदान ओरडत होतं, त्यामुळे त्याचं ओरडणं मला ऐकूच आलं नाही. दिसलं एवढंच की दोर सोडून सगळे मागे पडतायत आणि तो एकटा पुढे ओढला जातोय. करंगळी आणि शेजारचं बोट मोडलं. साताऱ्याला पोचेपर्यंत जीपमध्ये मी त्याचा हात माझ्या मांडीवर धरून बसलो होतो. शिट्टी माझ्या हातात होती. हात बघायचं काम माझं होतं आणि मी पाय बघत होतो.

तेव्हापासून दर ओढीआधी मी दोराच्या कडेने चालत जातो आणि सोळाच्या सोळा जोडी हात बघतो. वेढा नाही, गाठ नाही, फास नाही. शेवटच्या गड्याने कमरेला दोर बांधायचा नाही. गावाकडे बांधतात, मला ठाऊक आहे. नियमाप्रमाणे दोर त्याच्या काखेखालून पाठीवर तिरका जातो, दुसऱ्या खांद्यावरून पुढे येतो, आणि उरलेलं टोक काखेतून बाहेर मोकळं सोडलेलं असतं. अडचण आली तर हात उचलताच तो सुटला पाहिजे.

दोर मनिला घ्या, म्हणजे नैसर्गिक तंतूंचा, फारसा न लांबणारा. मोठ्यांच्या स्पर्धेचा दोर निदान साडेतेहतीस मीटर लांब आणि १० ते १२.५ सेंटीमीटर घेराचा असतो. तो आपल्या पोरांच्या मुठीत मावणार नाही. २५ मीटर लांब आणि २८ मिलिमीटर जाड पुरे. आठ मुलांचं वजन मिळून तीनशे किलोच्या आसपास भरेल. दुकानदाराकडून तुटण्याची मर्यादा लिहून घ्या, ती त्याच्या निदान दहापट हवी.

मुलं विरुद्ध पालक नको. ऐंशी किलोचा बाप घसरून सात वर्षांच्या पोरावर पडला तर काय होईल? पालकांची वेगळी ओढ ठेवा, मीही उतरेन.

जोड्या वयावर लावू नका. वजनावर लावा. मोठ्यांच्या स्पर्धेत ५६० किलो, ६४० किलो असे गट असतात, म्हणजे आठ जणांचं मिळून वजन. सकाळी मैदानावर एक काटा ठेवू, अर्ध्या तासात सगळ्यांची वजनं होतील.

०००

प्रेषक: एक पालक
विषय: उत्तर: क्रीडादिन आणि रस्सीखेच

काका, नमस्कार.

तुमची मेल दोनदा वाचली. दोराचं, हातांचं, पालकांचं सगळं पटलं. एकच गोष्ट नाही पटली, आणि ती लिहायला मला दोन दिवस लागले.

मैदानावर काटा नको.

माझी मुलगी ११ वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्या रोजच्या शाळेत रस्सीखेच होती. तिथल्या शिक्षकांनी सगळ्यांसमोर तिला सांगितलं, तू शेवटी उभी राहा, तू सगळ्यात जड आहेस. त्यांच्या मनात वाईट काही नसेल. तिचा संघ जिंकला. पण घरी आल्यावर तिने पोळी अर्धी तोडून परत डब्यात ठेवली. तेव्हापासून अर्धीच खाते. मी काही बोलले तर म्हणते, भूक नाही. रविवारची मराठी शाळा ही तिची एकच जागा आहे जिथे ती अजून पुढच्या बाकावर बसते. तिथे मुलं रांगेत उभी राहून काट्यावर चढली, आकडा कुणीतरी मोठ्याने वाचला, तर ती पुन्हा यायची नाही. आणि ती एकटीच अशी असेल असं मला वाटत नाही.

जोड्या बरोबरीच्या हव्यात हे मला कळतं. दुसरी काही वाट आहे का?

०००

प्रेषक: एक जुना पी.टी. शिक्षक
विषय: उत्तर: क्रीडादिन आणि रस्सीखेच

ताई,

तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. काटा मागे घेतो.

दुसरी वाट आहे, आणि ती जुनी आहे. आमच्या गावात काटा कुठे होता? दोन मोठी माणसं संघ पाडायची, आणि मग एक कच्ची ओढ व्हायची. निकाल नाही, शिट्टी नाही. एक बाजू सरसर जायला लागली की थांबायचं, इकडचा एक गडी तिकडे, तिकडचा इकडे. पुन्हा ओढ. दोनतीन अदलाबदली झाल्या की एक क्षण असा येतो की दोर जागच्या जागी उभा राहतो. सोळा पोरं जीव खाऊन ओढतायत आणि मधली फीत थरथरतेय, पण हलत नाही. तेव्हा समजायचं की जोडी जमली. मला तर तो क्षण निकालापेक्षा जास्त आवडतो. शाळेत आधीच्या रविवारी अशी तालीम घेऊ. कोण कुठे गेला याचं कारण मोठ्याने सांगायचं नाही.

तुमच्या मुलीला माझा एक निरोप द्या. शेवटचा गडी सगळ्यात जड असावा लागतो हे खरं नाही. तो सगळ्यात शांत असावा लागतो. पुढच्या सात जणांच्या पाठी फक्त त्याला दिसतात. कोण दमला, कुणाचा पाय घसरतोय, दोर सरळ आहे की वाकडा, हे त्याला सगळ्यांआधी कळतं. तिला ती जागा हवी असेल तर मी शिकवीन. नको असेल तर पुढून पहिली जागा घेऊ दे. तिथे समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागतो.

०००

प्रेषक: शाळेच्या ताई, मोठा वर्ग
विषय: उत्तर: क्रीडादिन आणि रस्सीखेच

सर्वांना नमस्कार,

काकांना मी फोन करून विचारलं की पंच काय म्हणतो. ते म्हणाले, चार आज्ञा असतात. मी त्या मराठीत केल्या: दोर उचला. ताण घ्या. स्थिर. ओढा. या रविवारी वर्गात त्यांचाच धडा घेतला.

‘ताण’वर गाडी अडली. एक मुलगा म्हणाला, ताण म्हणजे स्ट्रेस, आई म्हणते ना, मला ताण आलाय. मी ओढणी काढली, एक टोक त्याच्या हातात, दुसरं त्याच्या बहिणीच्या. म्हटलं, ओढू नका, फक्त लोंबती ओढणी सरळ होऊ दे. ती सरळ झाली. दोघांच्या हातांना एकमेकांचं वजन कळलं. म्हटलं, हा ताण. मग तोच म्हणाला, म्हणजे आईलाही कुणीतरी दुसरीकडून ओढतंय? मला क्षणभर उत्तर सुचलं नाही. पुढच्या अर्ध्या तासात ताणणे, ताठ, तणावा असे शब्द फळ्यावर आले. तंबूच्या दोरीला तणावा म्हणतात हे एका आजोबांनी मागच्या बाकावरून सांगितलं, ते नातवाला सोडायला आले होते.

एक गोष्टही सांगितली. रस्सीखेच ऑलिम्पिकमध्ये होती, १९०० पासून १९२० पर्यंत. १९०८ ला आपल्याच लंडनमध्ये, व्हाइट सिटीच्या स्टेडियममध्ये झाली, आणि तिन्ही पदकं ब्रिटिश पोलिसांनी नेली: सुवर्ण सिटी ऑफ लंडन पोलिसांनी, रौप्य लिव्हरपूलच्या पोलिसांनी, कांस्य मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या के डिव्हिजनने. लिव्हरपूलवाल्यांच्या जड बुटांवरून अमेरिकेच्या संघाने तक्रार केली. ते बूट त्यांचे रोजचेच आहेत असा निर्णय लागला, आणि अमेरिकन संघ निघून गेला. आमची निम्मी मुलं सेंट्रल लाइनने व्हाइट सिटीवरून येतात. तेच व्हाइट सिटी का, असं तिघांनी विचारलं. तेच, म्हटलं.

त्यावरून बुटांचा वाद वर्गात लगेच सुरू झाला. फुटबॉलचे खिळ्यांचे बूट चालतील का? मुलांनीच मतदान करून ठरवलं, नाही. मागच्याच्या पायावर पडला तर लागेल, हे कारण एका आठ वर्षांच्या मुलीने दिलं.

०००

प्रेषक: क्रीडा समिती
विषय: रस्सीखेच, पक्कं झालेलं

मंडळी,

काका, तुमच्या मेलबद्दल मनापासून आभार. नायलॉनची दोरी मी गॅरेजमध्येच ठेवली आहे. मनिला दोर आला, २५ मीटर, २८ मिलिमीटर. तुटण्याची मर्यादा दुकानदाराने कागदावर दिली आहे. ती मी रिस्क असेसमेंटला जोडली, आणि विम्याचा कागदही कौन्सिलला पाठवला.

शनिवारी काका घरी आले. दोर घरात मावेना म्हणून दार उघडून फुटपाथपर्यंत नेला. काकांनी तो टोकापासून टोकापर्यंत उघड्या हातांनी चाचपला, वीतवीत, डोळे मिटून. दोन ठिकाणी कुसळं उभी होती, ती कात्रीने कापली. मग माझ्या मुलाने टेपने मोजून खुणा केल्या: मधोमध लाल फीत, दोन्हीकडे २ मीटरवर पांढरी, ३ मीटरवर निळी. मोठ्यांच्या स्पर्धेत ४ मीटर ओढावं लागतं, आपण मुलांसाठी २ ठेवलंय. मधली लाल फीत नव्हे, समोरच्यांची पांढरी फीत जमिनीवरच्या मधल्या रेषेवर आली की ओढ जिंकली. पहिला गडी निळ्या फितीच्या मागे हात धरेल. तीनपैकी दोन ओढी जिंकेल तो संघ पुढे.

तालीम येत्या रविवारी, शाळा सुटल्यावर पावणेबाराला, मागच्या हिरवळीवर. पंच म्हणून काका, हात बघायला दोन्ही बाजूंना एकेक पालक. ज्यांचं डीबीएस (मुलांबरोबर काम करणाऱ्यांची गुन्हे-नोंद तपासणी) झालंय अशांनीच नाव द्या. शिट्टी झाली की दोर एकदम सोडायचा नाही, सगळ्यांनी मिळून दोन पावलं पुढे येऊन खाली ठेवायचा. हे मुलांना घरीही सांगून ठेवा.

क्रीडादिनाला रस्सीखेच ११ वाजता, जेवणाआधी. वडापाव आणि कोकम सरबत त्यानंतर. पाऊस पडून गवत ओलं झालं तर रस्सीखेच होणार नाही, बाकी खेळ होतील.

मुलांना साधे ट्रेनर्स घाला, नखं कापून पाठवा. कडं, अंगठी, घड्याळ घरी ठेवा. केस लांब असतील तर वर बांधा.

पालकांच्या ओढीसाठी आतापर्यंत ११ नावं आली आहेत. आणखी ५ हवीत.

०००

प्रेषक: एक पालक
विषय: उत्तर: रस्सीखेच, पक्कं झालेलं

पालकांच्या ओढीत माझं नाव घाला.

काका, मुलगी विचारतेय की शेवटच्या गड्याने दोर डाव्या खांद्यावरून घ्यायचा की उजव्या. ती डावखुरी आहे. तालमीला पावणेबाराच्या ऐवजी साडेअकराला आणली तर चालेल का?