३२ जीबीचं कार्ड ३२ जीबीच्याच कार्डावर बसेना! (रास्पबेरी पाय, मदत हवी आहे)

मंडळी, दोन अडचणी आहेत. दुसरीने जास्त डोकं खाल्लंय.

तासगावजवळ काकांची बेदाण्याची शेड आहे. तिथे मी रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू (एसडी कार्डावरून चालणारा चिमुकला संगणक) बसवला. डीएचटी२२ सेन्सर तापमान-आर्द्रता वाचतो, आकडे एमक्यूटीटीने (उपकरणांनी छोटे संदेश पाठवायची पद्धत) भाड्याच्या सर्व्हरवरच्या ब्रोकरकडे (हे संदेश घेऊन पुढे देणारा प्रोग्राम) जातात, हवा दमट झाली की काकांच्या मोबाइलवर सूचना. जाळीवर माल पंधरा दिवस असतो, त्यात एक रात्र ओल धरली तरी काळा पडतो. काकांनी कौतुकाने शेजारी दाखवलं, आता आणखी दोन शेडवाले मागे लागलेत. सगळं पुन्हा पहिल्यापासून बसवायची माझी तयारी नाही, म्हणून कार्डाची नक्कल करायला घेतली. ओएस बुकवर्म लाइट, डेस्कटॉप नाही.

अडचण एक: विंडोजवर विन३२ डिस्क इमेजरने कार्डाची इमेज (जशीच्या तशी प्रत, एकाच फाइलमध्ये) काढली. (कार्ड घातलं की विंडोज 'फॉरमॅट करायचं का?' विचारतं. एकदा बोट 'हो'वर जाता जाता राहिलं.) कार्डात भरलंय जेमतेम साडेतीन जीबी, इमेज मात्र अख्ख्या कार्डाएवढी. जुनं कार्ड २९.७ जीबी दाखवतं, नवीन २९.१. त्यामुळे लिहिताना जागा पुरत नाही. छापलंय दोन्हींवर ३२च.

अडचण दोन: घरातल्या ६४ जीबीच्या कार्डावर तीच इमेज टाकली, दुसरा पाय झकास सुरू झाला. पण दोन्ही एकदम चालू ठेवले की दर काही सेकंदांनी आळीपाळीने ब्रोकरपासून तुटतात. एकेकटे दिवसभर चालतात. अडॅप्टर बदलला, राउटर बदलला, आयपी पत्तेही वेगळे आहेत. काय असेल?

प्रतिसाद १:
क्लायंट आयडी (ब्रोकर ज्या नावाने प्रत्येक पाय ओळखतो ते) कोडात हाताने लिहिलाय का? त्याच आयडीने दुसरा आला की ब्रोकर पहिल्याला बाहेर काढतो. पहिला लगेच परत जोडतो, मग दुसरा बाहेर. तुमचे दोन पाय एकमेकांना हाकलतायत. आयडी होस्टनेमवरून (संगणकाचं नेटवर्कवरचं नाव) घ्या आणि प्रत्येक पायचं होस्टनेम रास्पी-कॉन्फिगमधून (पायचं सेटिंग बदलायचं साधन) वेगळं ठेवा. एसएसएच होस्ट कीसुद्धा (दुरून लॉगिन करताना पायची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) नकलेत तशाच आल्यात, त्या पुसून नव्या बनवा.

प्रतिसाद २:
पहिल्या अडचणीसाठी पायश्रिंक. लिनक्सवर चालणारी स्क्रिप्ट आहे, विंडोजवर डब्ल्यूएसएल २ मध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) चालवता येते. इमेजमधलं शेवटचं पार्टिशन (कार्डाचा विभाग) डेटापुरतं आकसतं, आणि पहिल्यांदा बूट होताना ते पूर्ण कार्डभर पसरतं. मूळ इमेजची प्रत ठेवूनच करा. डेस्कटॉपवाली ओएस असती तर तिच्यातला एसडी कार्ड कॉपिअर पुरला असता. डेटा मावत असेल तर तो लहान कार्डावरही नक्कल करतो, फक्त यूएसबी रीडर लागतो.

मूळ धागाकर्ता:
कोडात आयडी चक्क 'काकाशेड' असा लिहिलेला निघाला, माझ्याच हातचा. होस्टनेमवर टाकला, काल रात्रीपासून दोन्ही एकदाही तुटले नाहीत. पायश्रिंकनंतर इमेज चार जीबीच्या आत आली आणि २९.१वाल्या कार्डावर बसली. तिसऱ्या शेडचं कार्ड आज लिहितो. तिथे वायफायची रेंज येत नाही, पण त्यासाठी वेगळा धागा काढेन.