मदत हवी आहे: टीम एकत्र जेवते पण एकमेकांशी बोलत नाही

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण नीट सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही म्हणून सगळंच लिहितेय.

काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे दोन टीम एकत्र केल्या आणि माझ्याकडे दिल्या. अकरा जण आहेत, सहा आधीपासून माझ्यासोबतचे आणि पाच दुसरीकडून आलेले. कामाला कुणीही कमी नाही हे आधीच सांगते. पण एकमेकांशी बोलायचं म्हटलं की सगळं ग्रुपवर नाहीतर ईमेलवर, तेही 'कृपया नोंद घ्यावी' छापाचं. मध्यंतरी क्लायंटने एका रिपोर्टचा फॉरमॅट बदलून मागितला, ते आमच्या एकाला सोमवारीच कळलं होतं, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून बसणारी मुलगी गुरुवारपर्यंत जुन्याच फॉरमॅटमध्ये काम करत राहिली. त्याला विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं त्यांच्या लीडने सांगितलं असेल." त्यांची लीड आता मीच आहे! पण त्याच्यासाठी ते अजून 'ते लोक'च आहेत.

त्यानंतर मी दर बुधवारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं असं सुरू केलं. कारण असं की मी कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांचा २०१५ चा एक अभ्यास वाचला होता. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरातल्या १३ फायर स्टेशनांवर १५ महिने जाऊन त्यांनी जवानांशी बोलून घेतलं, शिवाय ३९५ वरिष्ठांकडून आपापल्या तुकडीबद्दल माहिती घेतली, आणि ज्या तुकड्या जास्त वेळा एकत्र जेवतात त्यांचं काम वरिष्ठांच्या मते जास्त चांगलं असतं असं दिसलं. मला ते फार पटलं, कारण आगीत शिरताना शेजारच्यावर विश्वास नसेल तर काय होईल, आणि आमचं काम तेवढं जिवावरचं नसलं तरी विश्वास लागतोच की.

पहिला बुधवार छान गेला. दुसऱ्या बुधवारी आपोआप दोन टेबलं झाली, जुने इकडे नवे तिकडे. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम टेबलं जोडली तर मधोमध दोन खुर्च्या रिकाम्या सोडून बसले. मी शांतता भरून काढायला काहीतरी विचारते आणि ते नेमकं कामाचंच निघतं, मग सगळे मला उत्तर देतात, एकमेकांशी बोलतच नाहीत. जेवता जेवता स्टेटस मीटिंग होते अक्षरशः.

पण खरं मन खाल्लं ते गेल्या बुधवारी. नवीन पाचांपैकी एकजण "माझं झालंय जेवण" म्हणून आलीच नाही. चार वाजता मी प्रिंटरकडे जाताना बघितलं तर ती भिंतीकडे तोंड करून, ड्रॉवर अर्धा उघडा ठेवून त्यात डबा ठेवून खात होती, मला पाहून तिने ड्रॉवर लोटून दिला. मला इतकं वाईट वाटलं की मी काही बोललेच नाही, तशीच पुढे गेले. पथ्य असेल, सगळ्यांसमोर खायचा संकोच असेल, किंवा तेवढाच एक तास तिला एकटीला हवा असेल, काहीही असू शकतं. तिला विचारावं की नाही हेही कळत नाहीये.

तर मला विचारायचंय की बुधवार चालू ठेवू का बंद करू? मी स्वतः बसावं का नाही? कंपनीकडून जेवण मागवावं की डबेच बरे? आणि दोघं घरून काम करतात, त्यांचं काय करायचं? कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद

ताई, बंद करू नका, पण सक्ती आजच्या आज काढा. तुम्ही म्हणाल मी सक्ती कुठे केली, पण लीडने "सगळ्यांनी" म्हटलं की ती सक्तीच होते. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१४ चा अभ्यास आहे लंच ब्रेकवर, त्यात हेच दिसलं की जेवणाच्या सुट्टीत काय करायचं हे माणसाच्या हातात नसेल तर सहकाऱ्यांसोबतच्या गप्पांनीसुद्धा संध्याकाळपर्यंत थकवाच वाढतो. त्या मुलीला कारण विचारू नका. तिच्याशी कामाचं नेहमीसारखं बोला आणि ग्रुपवर सगळ्यांसाठीच लिहा की ज्याला यायचंय त्याने या, न आल्याचं कारण द्यायची गरज नाही.

दुसरं म्हणजे तो फायर स्टेशनचा अभ्यास परत बघा. ते लोक नुसते एकत्र बसून खात नाहीत, पैसे गोळा करतात, काय करायचं ते ठरवतात, स्वयंपाक करतात, भांडी आवरतात. बोलणं त्या कामात होतं! आमच्याकडे मी तेच केलं. दर आठवड्याला दोघांची जोडी, एक जुना एक नवा, ज्याला हवं त्याने नाव द्यायचं. ऑर्डर काय द्यायची, कुणाला काय चालत नाही, टेबल आवरणं सगळं त्यांच्याकडे. कुणाला काय चालत नाही हे विचारायला जावंच लागतं ना, तिथून बोलणं सुटतं. आणि वेगवेगळी पाकिटं मागवू नका, मधे ठेवून वाढून घेता येईल असं मागवा. २०१९ च्या एका प्रयोगात जोड्यांना पगारावरून लुटुपुटीची वाटाघाट करायला लावली, तर एकाच बोलमधून खाल्लेल्या जोड्यांची तडजोड होईपर्यंत त्यातला संप सरासरी ९ दिवस चालला, वेगळ्या बोलमधून खाल्लेल्यांचा १३ दिवस. अर्थात ज्याला डबाच हवा त्याने डबा खावा.

तुम्ही बसा, पण टोकाला बसा आणि वीस मिनिटांत उठा. सुरुवातीला जड जाईल. घरून काम करणाऱ्यांना जेवताना व्हिडिओवर अजिबात बसवू नका, कॅमेऱ्यासमोर खाणं कुणालाच आवडत नाही. ते ऑफिसला येतील तो दिवस धरा.

धागालेखिका

मनापासून आभार. त्या भांडी आवरण्याच्या मुद्द्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं, मी फक्त टेबलं जोडत बसले. ग्रुपवर आत्ताच लिहून टाकलं की येणं ऐच्छिक आहे. जोडीसाठी पहिलं नाव फॉरमॅटवाल्या मुलाने दिलंय, मी काही सुचवलं नव्हतं. दुसरं नाव अजून आलेलं नाही, वाट बघते. एक शंका राहिली, दोन्ही नावं जुन्यांचीच आली तर मी मधे पडावं का तसंच जाऊ द्यावं?